मीठ, मूत्रपिंड आणि पुरुषी संप्रेरके

सारखेच मीठ खाऊनही सर्वांचा रक्तदाब सारखा वाढत नाही. काहींचे मूत्रपिंड जादा सोडियम लघवीवाटे सहज बाहेर टाकते, तर काहींमध्ये रक्तदाब चढल्याशिवाय ते पुरेसे बाहेर पडत नाही, आणि या दुसऱ्या प्रकाराला मीठसंवेदी उच्च रक्तदाब म्हणतात. अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत लुईस डाल यांनी १९६०च्या दशकात निवडक प्रजननातून उंदरांचे दोन वाण सिद्ध केले, त्यांपैकी एकाचा रक्तदाब खारट आहाराने झपाट्याने वाढे, तर दुसऱ्यावर त्याचा फारसा परिणाम होत नसे, त्यामुळे या प्रवृत्तीचे आनुवंशिक मूळ स्पष्ट झाले. पुढे असे आढळले की, संवेदी वाणातही माद्यांपेक्षा नरांचा रक्तदाब अधिक चढतो आणि वृषणे काढल्यास ही वाढ मंदावते.

याचे कारण मुख्यतः मूत्रपिंडातच शोधावे लागते. निरोगी प्रौढाचे मूत्रपिंड दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते, त्यातील बहुतांश पाणी व सोडियम सूक्ष्म नलिकांतून रक्तात परत घेते, आणि रक्तदाब वाढला की हे पुनर्शोषण घटून सोडियम अधिक प्रमाणात बाहेर जाते. रक्तदाबावर दीर्घकाळ अंकुश ठेवणारी हीच सर्वांत महत्त्वाची यंत्रणा होय. जेन रेकेलहॉफ व सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये आपोआप रक्तदाब वाढणाऱ्या दुसऱ्या एका वाणाच्या नर उंदरांत दाखवले की, टेस्टोस्टेरॉन हे वृषणांतील प्रमुख संप्रेरक या यंत्रणेला बोथट करते, म्हणजे तेवढेच सोडियम बाहेर टाकण्यासाठी अधिक दाब लागतो. पुरुषी संप्रेरकांमुळे मूत्रपिंडात अँजिओटेन्सिनोजेन या प्रथिनाची निर्मिती वाढते, त्यापासून बनणारे अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आकुंचित करते आणि नलिकांना सोडियम धरून ठेवण्यास भाग पाडते, असेही प्राण्यांवरील प्रयोग सांगतात.

माणसाच्या बाबतीत मात्र हा निष्कर्ष जसाच्या तसा लावणे चुकीचे ठरेल. रजोनिवृत्तीपूर्वीच्या स्त्रियांपेक्षा समवयस्क पुरुषांचा रक्तदाब सामान्यतः अधिक असतो हे खरे. तथापि टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या पुरुषांतही लठ्ठपणा, मधुमेह व उच्च रक्तदाब वारंवार आढळतात, शिवाय हे संप्रेरक रक्तवाहिन्या थेट शिथिलही करू शकते. बाहेरून दिलेल्या संप्रेरकाविषयी सावधगिरीला अधिक ठोस आधार आहे: अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळालेल्या, तोंडावाटे घ्यावयाच्या टेस्टोस्टेरॉनच्या एका औषधावर रक्तदाब वाढण्याचा ठळक इशारा छापणे बंधनकारक झाले. म्हणूनच स्नायू कमावण्यासाठी वैद्यकीय देखरेखीविना अशी द्रव्ये घेणे विशेष चिंताजनक आहे, कारण वाढलेला रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता हृदय व मूत्रपिंड दोन्ही झिजवत राहतो.