आगीच्या आधीचा धूर

पुणे-नगर रस्त्यावर वाघोली मागे पडली की लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि मग शिक्रापूर. इथे चाकणचा रस्ता येऊन मिळतो आणि त्या चौकात संध्याकाळी ट्रक, कंटेनर, कामगारांच्या बसेस एकमेकांत अडकून पडतात. चाकणच्या वाहन कारखान्यांचे सुटे भाग, रांजणगावच्या एमआयडीसीत तयार होणारी घरगुती यंत्रं, पुण्यात घरोघर जाणारी ऑनलाइन खरेदीची खोकी असा सगळा माल या पट्ट्यात थांबतो आणि पुढे जातो. जिथे ऊस आणि ज्वारी होती तिथे आता पत्र्याची गोदामं आहेत. आत दहा-बारा मीटर उंचीचे रॅक, त्यांवर पुठ्ठा, प्लास्टिक, फोम, रबर. रात्रपाळीला गेटवर दोन गार्ड आणि आत जेमतेम कुणी.

अशा ठिकाणी मोठी आग लागली तर बंब येतात ते रांजणगावच्या एमआयडीसीतून किंवा वाघोलीकडून, आणि येतात त्याच रस्त्याने. रात्री दोन वाजता रस्ता मोकळा मिळेल, संध्याकाळी सात वाजता मिळणार नाही. पुठ्ठ्याच्या उंच रॅकने पेट घेतला की ज्वाळा मिनिटामिनिटाने नाही, सेकंदासेकंदाने वर चढते. त्यामुळे शिक्रापूरसारख्या गावात आगीचा प्रश्न आधी वेळेचा आहे आणि मग पाण्याचा. ज्वाळा दिसेपर्यंत थांबलात तर उरतं ते पंचनाम्याचं काम.

पुष्कळ आगी मात्र ज्वाळेपासून सुरू होत नाहीत. सैल झालेलं विजेचं कनेक्शन तापतं, वायरीचं आवरण मऊ होतं, त्यातून डोळ्यांना न दिसणारे कण हवेत सुटतात. ही अवस्था काही मिनिटं टिकते, कधी काही तास. कापसाच्या गठ्ठ्यात ती आणखी लांबते. याच अवस्थेत आग पकडणारी यंत्रणा जगात अर्धशतकाहून अधिक काळ आहे. ती छताला बसून धुराची वाट पाहत नाही, पंख्याने खोलीतली हवा सतत स्वतःकडे ओढून तपासत राहते. तिच्या एका जुन्या ब्रँडचं ‘वेस्डा’ हे नाव आपल्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या अशा यंत्रांना सर्रास लावलं जातं.

या कल्पनेचा उगम जहाजांवर सापडतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवाहू जहाजांच्या प्रत्येक तळघरातून एक बारीक पाइप थेट वर, सुकाणूच्या कक्षापर्यंत नेत. वर पंखा आणि काचेची पेटी. कोणत्या पाइपाच्या तोंडाशी धूर दिसतो त्यावरून कोणत्या तळघरात काय चाललंय ते कळे, आणि पुढे त्याच पाइपांतून आग विझवणारा वायू खाली सोडता येई. ही पद्धत आजही जहाजांच्या आंतरराष्ट्रीय अग्निसुरक्षा नियमांत आहे. दोन पंखे हवेत, पाइपाचा आतला व्यास किमान १२ मिलिमीटर हवा, असं तिथे लिहिलेलं आहे.

धूर वेळेवर न कळल्याची, किंवा दिसूनही न सांगितल्याची, सगळ्यांत मोठी किंमत मुंबईने मोजली. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि कापसाच्या हजारो गाठी. कापूस आतल्या आत धुमसत होता. दुपारी साडेबाराच्या सुमारास आसपासच्या काहींना जहाजातून निघणारी धुराची रेष दिसली होती, पण जहाजावरच्या लोकांना ठाऊक असेलच असं प्रत्येकाने धरलं. खुद्द जहाजावर हाकाटी झाली ती दुपारी दोनच्या आसपास. बंब आले, नऊशे टनांहून अधिक पाणी तळघरात ओतलं गेलं, आणि ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्या दुपारचा साडेबारा ते दोन हा दीड तास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. धूर होता, तो पाहणारे डोळे होते, फक्त तो योग्य माणसापर्यंत गेला नाही.

जमिनीवर ही पद्धत आली ती टेलिफोन एक्स्चेंजमुळे. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ ही सरकारी संशोधन संस्था वणव्यांच्या धुराचा अभ्यास करत होती. हवेतले कण मोजायला त्यांच्याकडे प्रकाशाच्या विखुरण्यावर चालणारं उपकरण होतं. १९७० च्या सुमारास तिथल्या टपाल-तार खात्याने त्यांना विचारलं, की टेलिफोन एक्स्चेंज आगीपासून वाचवायला काय वापरावं? वणव्याचं उपकरण एक्स्चेंजच्या हवेच्या परतीच्या मार्गात लावून पाहिलं आणि साध्या डिटेक्टरांच्या कितीतरी आधी त्याने धूर पकडला. ही काळजी अनाठायी नव्हती. फेब्रुवारी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवरचं एक्स्चेंज जळालं आणि पावणेदोन लाखांच्या आसपास फोन तीन आठवडे मुके झाले. आपल्याकडे २२ जुलै २०१९ रोजी वांद्र्याच्या एमटीएनएल इमारतीला आग लागली तेव्हा गच्चीवर आणि खिडक्यांशी अडकलेल्या ८४ जणांना शिड्यांवरून उतरवावं लागलं. कुणी दगावलं नाही, हे अग्निशमन दलाचं श्रेय.

आता यंत्राच्या आत पाहू. कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप आली की एरवी न दिसणारी धूळ त्यात चमकते. डिटेक्टरच्या आतल्या काळ्या कप्प्यात तेच घडतं, फक्त उन्हाच्या जागी लेझर आणि डोळ्याच्या जागी प्रकाशसंवेदक असतो. स्वच्छ हवेतून लेझर सरळ निघून जातो. कण आले की प्रकाश बाजूला विखुरतो आणि संवेदकाला तो दिसतो. मोजमाप असं, की एक मीटर हवेतून जाताना प्रकाश किती टक्के अडतो. छताला लावलेला नेहमीचा गोल डिटेक्टर काही टक्क्यांवर ओरडतो. हवा ओढणारं चांगलं यंत्र एका टक्क्याच्या शंभराव्या भागाखालचा बदलही नोंदवतं.

पण ही संवेदनशीलता कप्प्यापाशी आहे, छिद्रापाशी नाही, आणि माल विकणारे नेमकी हीच गोष्ट घाईत सांगून टाकतात. समजा एका पाइपाला २० छिद्रं आहेत आणि यंत्र ०.१ टक्क्याला आगीचा इशारा देणार आहे. धूर एकाच छिद्रातून आला तर बाकी १९ छिद्रांतली स्वच्छ हवा त्याला पातळ करते. मग त्या एका छिद्रापाशी धूर २ टक्के झाल्याखेरीज इशारा येणार नाही. तोच धूर पसरून पाच छिद्रांतून आला तर ०.४ टक्का पुरतो. उंच गोदामात धूर वर जाता जाता पसरतोच, म्हणून तिथे ही पद्धत शोभते. छोट्या खोलीत ५० छिद्रं पाडून काही हाती लागत नाही. युरोपच्या ईएन ५४-२० मानकात ए, बी, सी असे संवेदनशीलतेचे वर्ग आहेत, त्यांचाही रोख छिद्रापाशी किती धूर हवा यावरच आहे.

शिक्रापूरच्या शेडमध्ये ही पाइपलाइन बसवताना पुस्तकात सहज वाटणारी कामं अवघड होतात. पहिली अडचण उन्हाळ्याची. मे महिन्यात दुपारी पत्रा तापला की त्याच्या खाली गरम हवेचा थर साचतो. धुमसत्या खोक्याचा अशक्त, कोमट धूर त्या थरापर्यंत येऊन तिथेच आडवा पसरतो, पत्र्यापर्यंत पोचतच नाही. पाइप फक्त छताला बांधला असेल तर यंत्र पहाटे चोख आणि दुपारी आंधळं. म्हणून मुख्य पाइपापासून रॅकच्या बाजूने खाली उतरणारे फाटे काढावे लागतात, त्यांना वेगवेगळ्या उंचीवर छिद्रं. हे फाटे फोर्कलिफ्टच्या वाटेत आले तर महिन्याभरात तुटणार, त्यामुळे ते रॅकच्या उभ्या खांबाच्या आतल्या अंगाला बांधायचे.

दुसरी अडचण पाइपाचीच. लाल एबीएसचा २५ मिलिमीटरचा पाइप उन्हाने लांबतो. ५० मीटरच्या सरळ रांगेत तापमान ३० अंशांनी बदललं तर लांबी दहा-पंधरा सेंटिमीटर फिरते. क्लॅम्प गच्च आवळले, मध्ये लवचीक जोड ठेवला नाही, तर एखादा सांधा निसटतो. निसटलेल्या सांध्यातून यंत्र तिथलीच हवा पीत राहतं आणि पलीकडची सगळी छिद्रं मेल्यात जमा. हवेचा प्रवाह बदलला की यंत्र दोष दाखवतं खरं, पण तो दोष कुणी वाचला तर.

छिद्र पाडण्यातही कसब आहे. ड्रिल पाइपाला काटकोनात आणि हळू फिरवावं लागतं. वेगाने फिरवलं की प्लास्टिक वितळून कड खडबडीत राहते आणि दोन-तीन मिलिमीटरच्या छिद्राचा हिशेबच बिघडतो. यंत्राजवळच्या छिद्रात ओढ जास्त, टोकाच्या छिद्रात कमी, म्हणून व्यास सारखे ठेवून चालत नाही. संगणकावर आकडेमोड करून प्रत्येक छिद्राचा व्यास ठरतो आणि टोकाच्या बुचालाही छिद्र असतं. साइटवर एखादा तुळईचा अडथळा आला, पाइप चार मीटर वळवून नेला, तर ती आकडेमोड पुन्हा करायला हवी. पुष्कळदा ती होत नाही. सगळं जोडून झाल्यावर यंत्राकडचं टोक उघडं ठेवून पाइप फुंकून काढायचा, नाहीतर ड्रिलचा भुसा पहिल्याच दिवशी फिल्टरमध्ये. शीतगृहात आणखी एक पथ्य पाळावं लागतं. थंड खोलीतली हवा बाहेरच्या उबदार यंत्रात आली की पाणी धरतं आणि छिद्रांच्या तोंडावर बर्फ साचतो. त्यामुळे पाइपाला उतार, पाणी काढायची सोय आणि तपासलेली हवा त्याच खोलीत परत सोडणारी नळी हवी.

मग चाचणी. सगळ्यांत लांबच्या छिद्रापाशी धूर धरायचा आणि स्टॉपवॉच लावायचं. अमेरिकेच्या मानकात १२० सेकंद ही वरची मर्यादा आहे. महत्त्वाच्या यंत्रखोल्यांसाठी ६० सेकंदांचा आग्रह धरला जातो. संगणक खोल्यांत मीटरभर वायरीतून जास्त करंट सोडून तिचं आवरण भाजतात आणि यंत्राला ते कळतं का ते पाहतात. माझ्या मते कुठल्याही कागदापेक्षा ही वायरीची परीक्षा मोलाची आहे.

बसवून झालं की यंत्राला तिथली हवा ओळखू द्यावी लागते. साधारण दोन आठवडे ते नेहमीची धूळ, डिझेलच्या फोर्कलिफ्टचा आणि डॉकला लागलेल्या ट्रकचा धूर नोंदवतं आणि त्यावरून इशाऱ्याच्या पातळ्या सुचवतं. शिक्रापुरात हे दोन आठवडे कोणते निवडले यावर पुढचं वर्ष अवलंबून असतं. पावसाळ्यात ओळख करून दिली तर हवा धुतलेली असते. मग गाळप हंगाम येतो, न्हावऱ्याच्या बाजूने उसाच्या गाड्या धावतात, शेतात पाचट पेटतं, दौंडकडच्या गुऱ्हाळांचा धूर पहाटे खाली उतरून पसरतो, आणि यंत्र रात्री-बेरात्री ओरडू लागतं. कंटाळलेला माणूस मग संवेदनशीलता इतकी खाली आणतो की महागडं यंत्र साध्या डिटेक्टरच्या पातळीवर येतं. यावर चांगला इलाज आहे. एक वेगळं यंत्र बाहेरची हवा मोजायला लावायचं आणि बाहेर जेवढा धूर आहे तेवढा आतल्या आकड्यातून वजा करायचा. खर्च थोडा वाढतो, पण ऊसपट्ट्यात ही चैन नव्हे.

सणांचाही हिशेब ठेवावा लागतो. खंडेनवमीला मशिनांची पूजा होते, धूप जळतो. लक्ष्मीपूजनाला गोदामाच्या ऑफिसात उदबत्त्या आणि गेटबाहेर फटाके. पूजा व्हायलाच हवी. त्या तासाभरासाठी तेवढाच विभाग बंद ठेवावा, वहीत वेळ आणि सही घ्यावी, आणि पुन्हा सुरू केल्याची दुसरी सही. धोका आहे तो दुसरी सही राहून जाण्यात.

या यंत्रांना बहुधा चार पातळ्या असतात: अलर्ट, अॅक्शन, फायर-१, फायर-२. वरच्या दोन पातळ्यांवर भोंगे वाजतात, शटर पडतात, बंबाला फोन जातो. तेव्हा मिळणारा वेळ साध्या डिटेक्टरपेक्षा थोडाच जास्त असतो. खरी कमाई पहिल्या पातळीवर आहे, आणि पहिली पातळी भोंगा वाजवत नाही. ती पॅनेलवर एक पिवळा दिवा लावते आणि एखाद्या माणसाने उठून, टॉर्च घेऊन, त्या विभागात जाऊन वास घ्यावा, तापलेला स्विच शोधावा, असं मागते. तो माणूस कोण? एजन्सीकडून आलेला, दर दोन महिन्यांनी बदलणारा गार्ड? त्याला पॅनेलची भाषा शिकवलेली असते का, आणि रात्री तीनला इलेक्ट्रिशियनला उठवायचा अधिकार त्याला असतो का?

२०२१ साल यासाठी आठवावं लागतं. ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात मध्यरात्रीनंतर आग लागली आणि दहा बालकं गेली. ६ नोव्हेंबरला, ऐन भाऊबीजेच्या दिवशी, याच पुणे-नगर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता कक्षात ११ रुग्ण दगावले. ज्यांना स्वतः उठून बाहेर पळता येत नाही अशांच्या खोल्यांत तर धुराचा पहिला कण कळायला हवा आणि इशारा ऐकायला माणूस जागा हवा. गोदामात माल जळतो, तिथे माणसं.

कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ती चालू असल्याचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र द्यायचं. डिटेक्टर कसे निवडायचे, बसवायचे, राखायचे यासाठी आयएस २१८९ ही भारतीय संहिता आहे. पण सहा महिन्यांच्या मधल्या काळात फिल्टर तुंबतो, बॅटरी बसते, रॅक हलवले जातात आणि पाइप जुन्याच जागी राहतात. ही कामं पुण्याहून गाडी पाठवून होणारी नाहीत, त्यांना गावातली माणसं लागतात.

ती माणसं इथे मिळू शकतात. शिरूर तालुक्यातच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली खेड्यातली मुलं तिथे वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम हाताने करत शिकली. हवा ओढणाऱ्या डिटेक्टरचा पाइप बसवणं, छिद्रांचा हिशेब समजून घेणं, स्टॉपवॉच लावून चाचणी घेणं हे त्याच जातीचं काम आहे. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या शिरूर-दौंडच्या मुलांना चार-सहा महिन्यांच्या प्रशिक्षणात ते येईल. गोदाम मालकांनी मिळून सणसवाडी ते रांजणगाव एवढ्या पट्ट्यासाठी असे दहा-बारा तंत्रज्ञ पाळीने ठेवले, आणि अलर्टचा पहिला फोन गार्डबरोबर त्यांनाही गेला, तर अर्ध्या तासाच्या आत जाणकार माणूस पॅनेलसमोर उभा राहील. त्याचा पगार प्रत्येक गोदामाच्या वाट्याला फार येणार नाही. जुलैची तपासणी आली की मालकाने स्वतः जाऊन एकच गोष्ट मागावी: सगळ्यांत लांबच्या छिद्रापाशी माझ्यासमोर धूर धरा, आणि आलेले सेकंद बसवतानाच्या नोंदीशेजारी लिहा.