श्वासाचा हिशेब

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. अंबरनाथला आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीला लिफ्ट नाही. रात्री साडेनऊला मोबाइलवरून मागवलेलं जेवण घेऊन एक मुलगा आला. उशीर झाला होता, म्हणून मी जरा आवाज चढवूनच बोललो. तो चौकटीला हात टेकून खोकत राहिला. मग म्हणाला, "सॉरी काका, उल्हासनगरहून येताना ट्रॅफिकमध्ये अडकलो." बायकोनं पाणी दिलं. तो जिना उतरून गेला, पण तो खोकला घरातच राहिला.

शहराची हवा 'मध्यम' की 'खराब', हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. तो आकडा खोटा नसतो. पण तो मोजणी केंद्राजवळच्या हवेचा, आणि साधारणपणे चोवीस तासांच्या सरासरीचा. छातीत किती धूर गेला हे तीन गोष्टींवर ठरतं : नाकासमोरची हवा कशी आहे, तिथे किती वेळ काढला, आणि किती जोरानं श्वास घेतला. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो. जिना चढताना ते प्रमाण तिप्पट-चौपट होतं. म्हणजे आकडा एकच, पण माझा वाटा वेगळा आणि त्या मुलाचा वेगळा.

या मुलांमध्येही सारखेपणा नाही. सायकलवाला पेडल मारतो, म्हणून अधिक हवा ओढतो. कुणाला आतल्या गल्ल्या मिळतात, तर कुणाला दिवसभर कल्याण-बदलापूर रस्ता. धूर सर्वांत दाट असतो तो रस्त्याच्या कडेला आणि सिग्नलपाशी. शंभर-दोनशे मीटर आत गेलं की तो बराच विरळ होतो. हॉटेलबाहेर ऑर्डरची वाट पाहणारी मुलं उभी असतात ती नेमकी कडेला.

आपली ही तीन गावं एकमेकांना चिकटलेली. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या यादीत उल्हासनगर आणि बदलापूर दोन्ही आहेत. अंबरनाथ मधोमध; हवेला पालिकेची हद्द कळत नाही. इथे एमआयडीसीतले रासायनिक कारखाने, बदलापुरात बांधकामांची धूळ, उल्हासनगरच्या कॅम्पांत अरुंद रस्त्यांवरची कोंडी. त्यात हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड होते आणि वरच्या उबदार हवेखाली झाकणासारखी अडकते. धूर वर जात नाही. आणि जेवणाच्या ऑर्डरींची गर्दी नेमकी रात्रीची.

यातले सूक्ष्म कण, ज्यांना पीएम 2.5 म्हणतात, केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात. ते फुप्फुसात खोल जातात. दमा आणि हृदयविकार त्यांनी बळावतात. आपल्या देशाची वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 साली सुचवलेली मर्यादा आहे फक्त 5. तोंडावरचा रुमाल धूळ अडवतो, हे कण नाही. त्यासाठी घट्ट बसणारा एन-95 मास्क लागतो, आणि तो लावून चार मजले चढणं सोपं नाही.

तुम्ही म्हणाल, थकला तर थांबावं. पण पैसे ऑर्डरमागे मिळतात. थांबलेल्या तासाचे पैसे नाहीत, म्हणून छाती वाचवायची तर खिसा रिकामा. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 या कायद्यानं अशा कामगारांना ओळख दिली; 21 नोव्हेंबर 2025 पासून तो लागूही झाला. त्यात विमा आणि आरोग्याच्या योजनांची तरतूद आहे. धुरातल्या तासांचा हिशेबही त्यात यायला हवा : वर्षातून एकदा फुप्फुसांची तपासणी, हवा फार बिघडेल त्या दिवशी पगारी विश्रांती. पालिकांनी रस्त्यापासून आत, पाणी आणि बाकं असलेला एखादा विसावा बांधावा.

आणि आपण? मी आता ऑर्डर आली की खाली उतरतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण चार मजल्यांचे श्वास त्याचे वाचतात. उशीर झाला तर घड्याळाकडे बघत नाही. आधी पाणी विचारतो. त्यानं हवा सुधारत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या घाईचा भार कुणाच्या छातीवर पडतो, हे एकदा कळल्यावर वरून हाक मारून बसून राहणं जमत नाही.