जुन्या छोट्या ट्रॅक्टरला ट्रॉलीचा हूक बसवायचा धंदा: वेल्डिंग मशीन लावण्याआधी टेप काढा



टेंभुर्णीहून एका तरुणाने फोन केला होता. सोलापूरच्या हायवेवरचं टेंभुर्णी नाही बरं का, आपलं जालना जिल्ह्यातलं, जाफ्राबाद तालुक्यातलं. पोराचा आयटीआय झालाय. वेल्डिंग मशीन, ग्राइंडर आणि ड्रिल घेऊन बसलाय. म्हणाला, "सर, आमच्याकडे जुने ट्रॅक्टर पडलेत तितके. त्यांना ट्रॉलीचा हूक बसवून द्यायचं काम सुरू करतो. आणि परदेशातल्या व्हिडिओत मागे तो गोळा असतो ना, टो बॉल, तोही देतो. चालेल का?"

धंदा चालेल. पण त्याला मी जे विचारलं तेच तुम्हालाही विचारतो: हूक जमिनीपासून किती उंचीवर बसवणार? तो गप्प झाला. या कामातला खरा प्रश्न तोच आहे, म्हणून आज सगळा वेळ त्याच्यावर.

आधी गिऱ्हाईक बघू. महिंद्राचा बी-२७५, मॅसीचा १०३५, स्वराज ७२४, एचएमटीचा झेटर २५११, आयशरचा एका सिलेंडरवाला. ही २५ ते ३५ हॉर्सपॉवरची मंडळी अजून शेतात दिसतात. नवीन मोठा ट्रॅक्टर आला तरी जुना विकत नाहीत, कारण विकला तर मिळतं काय? त्यापेक्षा पाण्याची टाकी ओढायला, मका-कापूस बाजारात न्यायला, मोसंबीचे क्रेट बागेतून रस्त्यावर आणायला तो बरा. शिवाय अलीकडे १५ ते १८ हॉर्सपॉवरचे बुटके ट्रॅक्टर बागेत आले. यातल्या कितीतरी गाड्यांचा मूळ ड्रॉबार हरवलेला, वाकलेला किंवा कुणीतरी मधेच कापून टाकलेला असतो. तुमचं काम इथून सुरू होतं.

आता उंचीचं सांगतो. ट्रॅक्टर मागच्या एक्सलवर जोर लावतो. ट्रॉली अडकली, मागची चाकं चिखलात रुतली आणि ड्रायव्हरने क्लच झटकन सोडला, तर चाक फिरत नाही. मग इंजिनाचा जोर ट्रॅक्टरच्या धडालाच एक्सलभोवती फिरवायला बघतो, म्हणजे पुढची चाकं वर. अशा वेळी ट्रॉलीची ओढ एक्सलच्या मध्यापेक्षा खालून असेल, तर ती ओढ पुढची बाजू खाली दाबते. ओढ एक्सलच्या वरून असेल तर तीच ओढ ट्रॅक्टर उलटवायला मदत करते. एक-दोन सेकंदांत खेळ संपतो, ड्रायव्हरला क्लच दाबायला वेळ मिळत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर डोक्यावर संरक्षणाचा लोखंडी सांगाडा नसतो, त्यामुळे उलटला की माणूस स्टिअरिंग आणि जमीन यांच्यात सापडतो.

म्हणून नियम एकच: ओढ कायम मागच्या एक्सलच्या मध्यापेक्षा खाली. टॉप लिंकच्या कानाला साखळी किंवा हूक लावून ओढायचं काम कितीही ओळखीच्या माणसाने सांगितलं तरी करू नका.

"हे तर सगळ्यांना माहीत आहे," असं वाटेल. पण फसगत कशी होते ते बघा. १३.६-२८ टायरचा ट्रॅक्टर असेल तर मागच्या एक्सलचा मध्य जमिनीपासून साधारण ६० ते ६५ सेंटिमीटरवर येतो. आपल्याकडच्या ट्रॉलीची दांडी अशाच ट्रॅक्टरच्या मापाने केलेली असते. आता तीच ट्रॉली शेतकरी बुटक्या, छोट्या टायरच्या ट्रॅक्टरला लावायला आणतो. त्याचा एक्सलच ४५ सेंटिमीटरच्या आसपास. दांडी वर राहते, हूक खाली. काका म्हणतात, "बाळा, हूक जरा वर घे ना, चार इंच." तुम्ही प्लेट उंच कापता, हूक वर घेता, दांडी झकास बसते, काका खूश. आणि ओढ एक्सलच्या वर गेली. तुम्ही काहीच चुकीचं जोडलेलं नाही, वेल्डिंगही उत्तम. तरी तुम्ही एक धोकादायक गाडी रस्त्यावर पाठवली.

अशा वेळी हूक हलवायचा नाही, ट्रॉलीची दांडी खाली घ्यायची. दांडीच्या टोकाला खाली वळणारा, नीट गसेट दिलेला तुकडा करायचा. पैसेही त्यात जास्त मिळतात, कारण काम जास्त आहे. गिऱ्हाईकाला हे समजावून सांगता आलं तर तुम्ही वेल्डर राहत नाही, कारागीर होता.

माप घेताना ट्रॉली भरलेली हवी, जागा सपाट हवी, टायरमध्ये नेहमीची हवा हवी. रिकाम्या ट्रॉलीवर घेतलेलं माप भरल्यावर बदलतं.

उंचीनंतर वजन. बैलगाडी हाकलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. माल मागे जास्त झाला की गाडी उलार होते, पुढे जास्त झाला की जू बैलाच्या मानेवर बसतं. दोन चाकांच्या ट्रॉलीचं तसंच आहे, फक्त बैलाच्या मानेऐवजी तुमचा हूक. एक हिशोब करून बघू. ट्रॉलीत २००० किलो माल, मालाचा मध्य ट्रॉलीच्या एक्सलपासून ६० सेंटिमीटर पुढे, हूक ते ट्रॉलीचा एक्सल ३ मीटर. हुकावर वजन येतं २००० गुणिले ०.६ भागिले ३, म्हणजे ४०० किलो. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलपासून ६० सेंटिमीटर मागे आणि ट्रॅक्टरचा व्हीलबेस दीड मीटर धरला, तर पुढच्या चाकांवरून ४०० गुणिले ०.६ भागिले १.५, म्हणजे १६० किलो वजन उचललं जातं. ८०० किलोच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर मुळात ३२० किलो असेल तर निम्मं गेलं! वर चढ लागला की स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच जाते. म्हणून हूक जितका मागे काढाल तितकं पुढचं हलकं होणार. "टायरला दांडी घासते, हूक लांब घ्या" ही मागणी आली की आधी हा हिशोब मांडा. पुढे वजनं लावावी लागतील, नाहीतर माल कमी.

आता जोडणी. जुन्या ट्रॅक्टरचं मागचं हाउसिंग बहुतेक बिडाचं असतं. बिडावर साधी वेल्डिंग करू नका. थंड होताना तडा जातो, आणि तो तडा रंगाखाली दिसत नाही. कंपनीने हाउसिंगवर बोल्टची भोकं दिलेली असतात, त्यावरच प्लेट बसवा. इथे एक गंमत आहे. बी-२७५ हा इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ब्रिटिश डिझाइनवरून आलेला, मॅसीही इंचाच्या घराण्यातला, आणि झेटर मूळचा चेकोस्लोव्हाकियाचा, म्हणजे मिलिमीटरवाला. इंचवाल्यात पाच-अष्टमांशची भोकं असतात, आणि बाजारात हाताला लागतो १६ मिलिमीटरचा बोल्ट. जाडी जवळजवळ सारखी, पण आटे वेगळे. दोन-तीन आटे छान जातात, मग घट्ट होतो. पोरगं पान्याला पाइप लावून जोर देतं, आणि बिडातले आटे कायमचे जातात. तेव्हा पन्नास-शंभर रुपयांचा थ्रेड गेज आधी घ्या. बोल्ट ८.८ ग्रेडचाच, डोक्यावर आकडा छापलेला असतो.

पिनबद्दल मला सगळ्यात जास्त भीती वाटते, आणि ती जालना जिल्ह्यामुळे. आपल्याकडे जालन्याच्या एमआयडीसीत रोलिंग मिल्स आहेत, टीएमटी सळई गल्लीबोळात मिळते. ट्रॉलीची पिन हरवली की २५ एमएमच्या सळईचा तुकडा कापून, वर एक वॉशर मारून "घ्या पिन" म्हणणारे कमी नाहीत. टीएमटी बांधकामासाठी उत्तम आहे. तिची वरची साल कडक आणि गाभा मऊ ठेवलेला असतो, सिमेंटमध्ये ते बरोबर. पण पिन करायला लेथवर रिब काढल्या की कडक सालही गेली, उरला मऊ गाभा. रिबसकट वापरली तर ती हुकाचं भोक खरवडते. पिनसाठी ईएन-८ चा ब्राइट बार आणा, जड कामाला ईएन-१९. पिनची वाकण्याची ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून २५ ची पिन झिजून २३ झाली की २ मिलिमीटर गेले असं म्हणू नका, २२ टक्के ताकद गेली. खाली लॉकची क्लिप हवीच, तार गुंडाळून चालत नाही. सोबत एक सेफ्टी चेन द्या. पिन निसटली तरी ट्रॉली समोरून येणाऱ्या मोटारसायकलवर जाणार नाही.

आणि तो गोळा? टो बॉल मुख्यतः कार आणि हलक्या ट्रेलरसाठी आहे. युरोपात ५० मिलिमीटरचा, अमेरिकेत २ इंचाचा म्हणजे ५०.८ चा जास्त चालतो. फरक पाऊण मिलिमीटरचा, पण ५० चा गोळा २ इंचाच्या वाटीत सैल बसतो आणि उसळीत सुटू शकतो. परदेशात लोक छोट्या ट्रॅक्टरच्या दोन लोअर लिंकमध्ये आडवी दांडी टाकून त्यावर गोळा लावतात आणि अंगणातल्या अंगणात बोटीचा किंवा कॅरव्हॅनचा ट्रेलर हलवतात. ते काम हलकं आहे. आपल्याकडे बांध ओलांडताना दांडी वर-खाली इतकी होते की वाटी अडते, आणि काळी माती आत गेली की झीज लवकर. शिवाय लोअर लिंकवर लावलेला गोळा हायड्रॉलिकने वर उचलला जातो, म्हणजे उंचीचा सगळा नियम एका लिव्हरवर मोडतो. फवारणीची छोटी टाकी, शेळ्यांची हलकी गाडी, जीपलाही आणि ट्रॅक्टरलाही लागणारा एखादा ट्रेलर, एवढ्यापुरता गोळा ठीक. त्यावर छापलेली क्षमता बघा. ती नसेल तर घेऊच नका, आणि गोळ्याला वेल्डिंग तर कधीच नाही.

दराचं बोलू. खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून धरलेत, तुम्ही तुमच्या बाजाराचे टाका. प्लेट १४ किलो, ७५ रुपयांनी १०५०. पिन आणि क्लिप ३५०. बोल्ट ३००. रॉड, डिस्क, वीज २५०. मजुरी ५ तास, १५० ने ७५०. झाले २७००. दुकानभाडं आणि जाण्या-येण्याचे ३०० धरले की ३०००. यावर २५ टक्के नफा, ३७५०. बहुतेक पोरं स्वतःची मजुरी लावतच नाहीत आणि २२०० ला काम देऊन "गिऱ्हाईक तुटायला नको" म्हणतात. टेंभुर्णीच्या मुलानेही तेच केलं होतं. तपासणीचे वेगळे १५०-२०० घ्या, काम केलं तर बिलातून वजा करा. तपासून "हे करणार नाही" म्हणायची वेळ आली तरी तुमचा तास फुकट जात नाही.

बिलावर ट्रॅक्टरचा नंबर, हुकाची जमिनीपासून उंची, एक्सलची उंची, बोल्टचा ग्रेड लिहा आणि मोबाइलवर फोटो ठेवा. उद्यम नोंदणी ऑनलाइन, फुकट होते. कुणी पैसे मागत असेल तर तो एजंट आहे. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. ट्रॉलीची स्वतःची आरटीओ नोंदणी असते, आणि आरसीवरच्या माहितीशी जुळणार नाही असा बदल गाडीत करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मनाई आहे. चेसिसला कापाकापी करायची असेल तर आधी विचारून या.

त्या मुलाने परवा पहिला फोटो पाठवला. एक १०३५, हूक एक्सलच्या १८ सेंटिमीटर खाली, माप खडूने प्लेटवर लिहिलेलं. मी त्याला एकच विचारलं, १५ दिवसांनी बोल्ट पुन्हा आवळायला बोलावलंस का? म्हणाला, "नाही सर, फोन करतो." नवीन प्लेटवरचा रंग दबतो आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून ती फेरी बिलातच धरा आणि तारीख गिऱ्हाईकासमोर लिहा.