निळे डाळिंब

माढा तालुक्यातल्या मोडनिंबच्या शिवारात टिपलेला ‘भगवा’ डाळिंबाचा फोटो संगणकावरच्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये उघडला, की कधी कधी फळ गर्द निळे दिसते. पाने मात्र हिरवीच राहतात. अशा वेळी पहिली तपासणी म्हणजे तीच फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहणे. तिथे डाळिंब लाल दिसले तर फाइल शाबूत आहे, पहिला प्रोग्रॅम ती वाचताना चुकतो आहे. सगळीकडे निळेच दिसले तर दोष फाइलमध्ये किंवा पडद्याच्या सेटिंगमध्ये शोधावा लागतो.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. साधारणपणे प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा ० ते २५५ मधला एकेक आकडा मिळतो. यातून १,६७,७७,२१६ रंग तयार होतात. कोणता आकडा कोणत्या रंगाचा, हे संकेताने ठरते. ५/६ ही तारीख भारतात ५ जून, तर अमेरिकेत ६ मे असते, तसेच हे.

सालीवरच्या एका पिक्सेलचे आकडे २००, ३०, ५० आहेत असे समजू. ते उलट क्रमाने वाचले तर ५०, ३०, २०० होतात आणि लालाचा निळा होतो. पानाचे ६०, १३०, ५० उलटले तरी मधला हिरवा जागचा हलत नाही, म्हणून पान जवळपास तसेच दिसते. क्रम उलटल्याची हीच खूण. बीएमपी फाइलमध्ये निळा-हिरवा-लाल असा क्रम असतो. ओपनसीव्ही ही लायब्ररीही चित्र याच क्रमाने देते. मॅटप्लॉटलिब ही चित्र दाखवणारी लायब्ररी मात्र लाल आधी धरते. चित्र पडद्यावर देण्यापूर्वी पहिल्या आणि तिसऱ्या आकड्याची अदलाबदल केली की काम भागते.

चित्र निगेटिव्हसारखे दिसले तर कारण वेगळे. फ्लेक्स किंवा छपाईसाठी बनवलेल्या फाइलमध्ये अनेकदा निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शायांचे आकडे असतात. फोटोशॉपच्या अशा जेपेग फाइलमध्ये ते उलटे साठवलेले असतात: २५५ म्हणजे शाई शून्य. प्रोग्रॅमने २५५ म्हणजे भरपूर शाई असे धरले, की पांढरी पार्श्वभूमी काळी होते.

रंग बरोबर पण फिके दिसत असतील तर रंग-प्रोफाइल, म्हणजे आकडे कोणत्या रंग-पद्धतीतले आहेत ही फाइलमधली नोंद, तपासावे. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्टने मांडलेली एसआरजीबी ही पद्धत बहुतेक पडदे पाळतात. अडोबी आरजीबीत रंगांचा आवाका तिच्याहून मोठा असतो. त्या पद्धतीतला फोटो प्रोफाइल न पाहता एसआरजीबी म्हणून दाखवला, की डाळिंबाची लाली उतरते.

चित्र तिरके होऊन त्यात रंगीत रेघा उमटल्या तर ओळीच्या लांबीचा हिशेब चुकलेला असतो. बीएमपीत प्रत्येक ओळीचे बाइट ४ च्या पटीत असावे लागतात. ३३३ पिक्सेलच्या ओळीचे ९९९ बाइट होतात, म्हणून शेवटी एक रिकामा बाइट जोडतात. प्रोग्रॅमने तो वगळला नाही तर पुढची प्रत्येक ओळ एकेका बाइटने सरकते आणि लालाच्या जागी दुसऱ्याच रंगाचा आकडा येतो.

चारही बाबतींत दुरुस्ती वाचनाच्या टप्प्यावरच करायची असते. रंगांच्या पट्ट्या सरकवून डाळिंब लाल करता येते, पण पाने बिघडतात. आणि तसाच फोटो सेव्ह केला, तर फाइलमधले मूळचे बरोबर आकडेही हातचे जातात.