छोट्या मालवाहू वाहनाचा हौदा : संरक्षण, फेरबदल आणि मर्यादा

प्रस्तावना :
सन २००५ मध्ये बाजारात आलेल्या टाटा एस, म्हणजेच ‘छोटा हत्ती’, या वाहनाने ग्रामीण भागातील मालवाहतुकीचे स्वरूप पालटले. शेतमाल, मासळी, खते, सिमेंट असा सर्व माल आज अशा छोट्या वाहनांतून जातो. बहुधा कर्ज काढून घेतलेल्या या वाहनाचा हौदा हाच मालकाच्या उत्पन्नाचा खरा आधार होय. तो टिकावा म्हणून मालक जे उपाय करतो, त्यांतील काही उपाय हौद्याचेच आयुष्य कमी करतात. प्रस्तुत लेखात या विसंगतीची कारणमीमांसा केली आहे.

हौद्याच्या झिजेची कारणे :
लोखंड, ऑक्सिजन व पाणी एकत्र आले की गंज निर्माण होतो. पाण्यात मीठ असल्यास ही क्रिया अधिक वेगाने घडते. कोकणात मासळीच्या पेट्यांतून गळणारे खारट पाणी आणि खताचे ओलावा शोषून घेणारे कण म्हणूनच विशेष घातक ठरतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा अधिक असल्याने रंगाला फोड येतात व झीज आत पसरत जाते.

संरक्षणाचे प्रचलित उपाय :
हौद्यावर जाड लोखंडी पत्रा ठोकून घेणे हा सर्वाधिक रूढ उपाय आहे. तथापि त्याचे दोन दोष आहेत.

पहिला दोष वजनाचा. ३ मि.मी. जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे २३.५ किलो भरते. हौदा २.२ मीटर लांब व १.५ मीटर रुंद धरल्यास केवळ तळाच्या पत्र्याचे वजन सुमारे ७८ किलो होते. ज्या वाहनाची क्षमता पाऊण टन आहे, त्याची दहा टक्क्यांहून अधिक क्षमता अशा रीतीने कायमची खर्ची पडते. टोमॅटोचे २० किलोचे जवळजवळ चार क्रेट प्रत्येक खेपेस कमी न्यावे लागतात.

दुसरा दोष अदृश्य आहे. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेले पाणी सुकत नाही आणि मूळ तळ आतून कुजत राहतो. शिवाय वेल्डिंगच्या उष्णतेने खालच्या बाजूचा रंगही जळतो.

याउलट रबरी चटई उचलून तळ धुता व वाळवता येतो. मात्र ती कायम अंथरून ठेवल्यास तिच्याखालीही ओल साचते. ओरखडा दिसताच घासून रेड ऑक्साइड व त्यावर रंग लावणे, पाणी निघून जाणारी छिद्रे मोकळी ठेवणे आणि खारट मालाच्या खेपेनंतर हौदा गोड्या पाण्याने धुणे, हे उपाय अल्पखर्चिक व परिणामकारक आहेत.

फेरबदल आणि कायदा :
ताडपत्रीसाठी काढता येणाऱ्या कमानी, दोर बांधण्याच्या कड्या किंवा सुटे फळीचे कप्पे मालाच्या सुरक्षिततेस उपयुक्त ठरतात. परंतु बाजूचे फाळके उंच करून अधिक माल भरल्यास गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर वाहन उलटण्याचा धोका वाढतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १९४ मध्ये अतिभारासाठी २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद झाली. पत्र्याचे वजनही एकूण भारातच गणले जाते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

निष्कर्ष :
हौद्याचे संरक्षण त्याच्या आच्छादनाच्या जाडीवर अवलंबून नसून तळ कोरडा, स्वच्छ व दृष्टीसमोर राहण्यावर अवलंबून आहे. जो उपाय सहज काढून तळ तपासता येतो, तोच स्वीकारावा. वाणिज्य व विज्ञान शाखांच्या अध्यापकांना भारवहन क्षमता, गंज आणि कायदा या तिन्हींचा परस्परसंबंध शिकविण्यासाठी परिसरातील एखादे छोटे मालवाहू वाहन हे उत्तम उदाहरण ठरू शकेल.