रस्ता बदलला, वेगमर्यादेचे काय?

शहराच्या कडेने गेलेला एखादा रस्ता पंधरावीस वर्षांत शहराच्या पोटात येतो. पूर्वी जेथे शेते होती तेथे वसाहती उभ्या राहतात, शाळा निघते, दवाखाना येतो, संध्याकाळी भाजीच्या गाड्या लागतात. रस्त्याचे रूप असे पालटते. कडेच्या फलकावरील वेगमर्यादेचा आकडा मात्र पुष्कळदा जुनाच राहतो. हा आकडा कोण ठरवितो आणि तो बदलता येतो काय, याविषयी नागरिकांना फारशी माहिती नसते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये वाहनांची कमाल वेगमर्यादा केंद्र शासन ठरविते. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७०, मोटारसायकलींसाठी ६० आणि तीनचाकी वाहनांसाठी ५० किलोमीटर असे आकडे देण्यात आले होते. (ही अधिसूचना २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रद्द ठरविली, हेही नमूद केले पाहिजे.) परंतु असा आकडा म्हणजे कमाल मर्यादा होय, प्रत्येक गल्लीतून त्या वेगाने जाण्याचा तो परवाना नव्हे. सार्वजनिक सुरक्षितता, सोय किंवा रस्त्याचे अथवा पुलाचे स्वरूप लक्षात घेऊन याहून कमी मर्यादा घालण्याचा अधिकार त्याच कलमाने राज्य शासनास व त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांस दिला आहे. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना निघावी लागते आणि जागेवर फलकही लागावा लागतो. निर्बंध महिन्याभराचाच असेल तर अधिसूचनेची गरज नसते. मुंबईच्या किनारी रस्त्यावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६० आणि वळणांवर ४० अशा तीन मर्यादा एकाच मार्गावर आहेत, त्या याच तत्त्वावर.

आकडा ५० वरून ३० वर आणल्याने काय साधते, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत चालकाला साधारण एक सेकंद लागतो. समजा, चौदा मीटरवर एक मूल चेंडूमागे धावत रस्त्यात आले. कोरड्या रस्त्यावर ताशी ३० ने येणारी मोटार सुमारे तेरा मीटरमध्ये, म्हणजे मुलाच्या अलीकडे, थांबते. ५० ने येणाऱ्या मोटारीचा ब्रेक तोवर लागलेलाही नसतो. ती पूर्ण वेगाने मुलापर्यंत पोचलेली असते. ब्रेक लागल्यानंतरचे अंतरही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाल्यास ते चौपट होते. आपल्याकडील पावसाळ्यात तर याहून बिकट स्थिती असते. सरासरी वेग एक टक्क्याने वाढल्यास प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेचे अनुमान आहे.

वेळ वाया जातो, हा नेहमीचा आक्षेप. तीन किलोमीटरचा रस्ता ५० च्या वेगाने ३ मिनिटे ३६ सेकंदांत आणि ३० च्या वेगाने सहा मिनिटांत संपतो. फरक अडीच मिनिटांहूनही कमी, आणि तोही वाटेत एकही सिग्नल व गर्दी लागली नाही तर !

ऑस्ट्रियातील ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ३० ची मर्यादा घातली. स्पेनने ११ मे २०२१ पासून रस्त्याच्या रचनेशीच आकडा जोडला : प्रत्येक दिशेस एकच मार्गिका असेल तर ३०, आणि पदपथ व रस्ता एकाच पातळीत असतील तर २०. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही पादचारी व वाहने एकत्र वावरतात तेथे ३० ची शिफारस आहे.

अर्थात, रुंद व मोकळा रस्ता ठेवून नुसता फलक लावला तर चालक त्याकडे बघतही नाहीत. ओलांडण्याची जागा उंच करणे, वळण आवळणे अशी कामे जोडीला हवीत. गतिरोधकही उपयोगी पडतो. मात्र रंग व पूर्वसूचना नसलेला गतिरोधक स्वतःच अपघाताचे कारण होतो. कारवाईसाठी वेगमापक यंत्रे लागतात, कारण कलम १८३ नुसार केवळ एका साक्षीदाराच्या अंदाजावर कोणास दोषी ठरविता येत नाही.

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत असे आदेश वाहतूक पोलीस काढतात. रहिवाशांनी त्यांच्याकडे अर्ज करताना रस्त्याचे नाव, शाळा भरण्यासुटण्याच्या वेळा आणि लोक प्रत्यक्षात जेथून रस्ता ओलांडतात ती जागा लिहावी; म्हणजे स्थळपाहणी योग्य वेळी व योग्य जागी होऊ शकेल.