विश्लेषण : यलोस्टोनमध्ये कुत्र्यासह मुक्काम करता येतो, मग त्याला फिरवता का येत नाही?

जुलै १९८१. अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात वाहनतळावरील ट्रकमधून एक कुत्रा निसटला आणि जवळच्या सेलेस्टाइन कुंडात पडला. त्याला वाचवण्यासाठी मालकाच्या २४ वर्षांच्या मित्राने पाण्यात उडी घेतली. पाणी सुमारे ९४ अंश सेल्सिअस तापलेले होते. कुत्रा वाचला नाही आणि दुसऱ्या दिवशी तो तरुणही दगावला. आरव्ही, म्हणजे चाकांवरचे घर घेऊन कुत्र्यासह येणाऱ्यांवर इथे इतके निर्बंध का, याचे उत्तर या दुर्घटनेत आहे.

कुत्र्याला कुठवर परवानगी?

रस्ते, वाहनतळ आणि कॅम्पग्राउंडपासून १०० फुटांच्या आत. गळपट्ट्याची दोरी ६ फुटांपेक्षा लांब चालत नाही. जंगलातील पायवाटा आणि गरम झऱ्यांभोवतीच्या लाकडी वाटांवर कुत्र्याला पूर्ण मनाई आहे. थोडक्यात, ज्यासाठी लोक यलोस्टोनला येतात, ते बहुतेक सगळे कुत्र्याविनाच पाहावे लागते.

आरव्ही कुठे लावता येते?

उद्यानातील फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये वीज, पाणी आणि सांडपाणी अशा तिन्ही जोडण्या मिळतात. हा ग्रिझली अस्वलांचा टापू असल्याने तिथे तंबू किंवा कापडी भिंतींच्या गाड्यांना प्रवेश नाही. उद्यानाबाहेर वेस्ट यलोस्टोन आणि गार्डिनर या मोंटानातील गावांजवळ खासगी कॅम्पग्राउंड आहेत. कुत्र्यांबाबत प्रत्येकाचे नियम वेगळे असतात. त्यामुळे आरक्षणापूर्वीच विचारून घेणे बरे.

धोका फक्त गरम पाण्याचाच?

नाही. कुत्रा भुंकला, मागे धावला, तर बायसन किंवा अस्वल चवताळू शकते आणि घाबरलेला कुत्रा धावत मालकाकडेच येतो. अस्वल व लांडग्यांपासून किमान १०० यार्ड (सुमारे ९१ मीटर) आणि बायसन, एल्क यांच्यापासून २५ यार्ड अंतर राखणे माणसांनाही बंधनकारक आहे. गरम पाण्याचा धोकाही जुना झालेला नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये गाडीतून निसटलेल्या कुत्र्यामागे झऱ्यात उतरलेली २० वर्षांची तरुणी गंभीर भाजली.

गाडीत ठेवून गेले तर?

कुत्र्याला बाहेर बांधून एकटे सोडता येत नाही. पुरेशी हवा खेळती असेल तर गाडीत ठेवता येते. मात्र उन्हात बंद गाडी काही मिनिटांत तापते. आरव्हीतील एसीवरही पूर्ण विसंबू नये, वीज गेली की तो बंद पडतो.

मग नियोजन कसे करावे?

घरातल्यांनी पाळी लावावी. काहींनी ओल्ड फेथफुलचा फवारा पाहावा, तोवर एकाने कुत्र्याजवळ थांबावे. दिवसभराची पायपीट ठरली असेल, तर जवळच्या गावांतील श्वानपाळणाघराचा पर्याय आहे. वाहनतळावर दार उघडण्याआधी पट्टा आणि दोरी अडकवावी, कारण वरील दोन्ही घटनांची सुरुवात कुत्रा गाडीतून निसटण्याने झाली.

सगळ्या उद्यानांत हेच नियम आहेत का?

नाही. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील वाटांवर दोरीने बांधलेला कुत्रा चालतो, दरीत उतरता येत नाही. मेन राज्यातील अकेडियामध्ये सुमारे १०० मैलांच्या पायवाटा कुत्र्यांना खुल्या आहेत. सहल मुळात कुत्र्याला घेऊन भटकण्यासाठीच असेल, तर उद्यानाची निवडही त्यानुसार करावी.